मी सारखा वाटून टाकलेला पाऊस

मित्रांनो, मला मान असती तर ती खाली घालूनच तुमच्याशी बोललो असतो. मी हवामान कार्यालयातला एक जुना संगणक आहे. नवा होतो तेव्हा माझ्यावर रोज फडके फिरायचे. "यंत्र चुकत नाही," असे साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुगायचो. खरे तर मी उंटावरून शेळ्या हाकणारा! नकाशावर मोठमोठे चौकोन पाडायचे आणि एका चौकोनातला पाऊस सगळ्या गावांना सारखा वाटून टाकायचा, एवढीच माझी अक्कल.

अंदाज लिहिण्याचे काम ताईंचे. एका सकाळी उपग्रहाचे चित्र पाहून त्या थबकल्या. "अगं बाई, वादळी ढगांनी घोळका केलाय!"

"ढग कालच्याएवढेच आहेत ना?" साहेब म्हणाले.

"तेवढेच. पण काल विखुरलेले होते. सुट्या ढगाचं पाणी भोवतीची कोरडी हवा पिऊन टाकते. घोळक्यात मधल्यांना शेजाऱ्यांची ओल मिळते. मग सगळं एकाच जागी कोसळतं."

"यंत्र काय म्हणतंय?"

मी ठसक्यात दाखवले, मध्यम पाऊस.

तेवढ्यात ताईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो सुतार, कारखाना ओढ्याकाठी. "ताई, शाळेची चाळीस बाकं तयार आहेत. माळ्यावर चढवू का?"

ताईंनी चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "राहू दे रे. मध्यमच आहे."

दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला तीन तास पाऊस कोसळला. पलीकडच्या गावांत अंगणेही भिजली नाहीत. चौकोनाची सरासरी माझ्या आकड्याशी तंतोतंत जुळली. पण ओढा फुगून कारखान्यात शिरला. भाऊ बाके वाचवायला पाण्यात उतरला आणि त्याचा उजवा हात लाकडांखाली चिरडला.

आठवड्याने भाऊ हात गळ्यात बांधून कार्यालयात आला. साहेब म्हणाले, "यंत्राचा आकडा तर बरोबर होता."

"मग चुकलं कोण?" त्याने विचारले.

"मी चुकले," ताई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बोटही दाखवले नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल. पण आम्हा यंत्रांना 'किती' विचाराल तेव्हा 'कुठे' हेही विचारा. डोळ्यांना दिसलेले आमच्या भरवशावर खोडू नका. आणि आम्ही चुकलो, तर कुणा भल्या माणसाला आमच्या वतीने 'मी चुकले' म्हणू देऊ नका.