तळ्याच्या मधोमध दोघांचं खरं

नाताळ उलटला तशी ताउनोची बर्फगाडी म्हाताऱ्या रेनडिअरसारखी वागायला लागली. आवाज पूर्वीपेक्षा जास्त, पण पळणं नाही. तळ्यावर नव्वदनं जाणारी गाडी पन्नासाला धापा टाकायची. गाडीला सोळा वर्षं झाली होती, तेव्हा यात नवल काही नव्हतं. पण त्यावरून ताउनोचं आणि त्याच्या मेहुण्याचं, रेयोचं, असं काही बिनसलं की काइसूचे कान किटले. एक तिचा नवरा, दुसरा थोरला भाऊ. पळून जाणार कुठं?

ताउनोनं जन्मभर रस्त्यावरचा बर्फ लोटायचं यंत्र चालवलेलं. त्याच्या मते दोष कूलंटचा. इंजिनाभोवती फिरून तापलेलं ते पाणी गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांतून जातं, मागचा रबरी पट्टा त्या नळ्यांवर बर्फाचा भुगा उडवतो, तेव्हा कुठं ते निवतं. यंदा वाऱ्यानं तळं झाडून लख्ख केलेलं. भुगाच नाही तर थंडावा मिळणार कुठून? आणि पाणी तापलं की इंजिन आपणहून हात आखडतं.

रेयो बसच्या गॅरेजातला निवृत्त मेकॅनिक. तीस वर्षं क्लच उघडलेल्या माणसाला पाण्याच्या गोष्टी सांगू नयेत, असं त्याचं म्हणणं. क्लचातले रोलर झिजलेत, बेल्ट घासून अरुंद झालाय, इंजिन बोंबलतं आणि त्याची ताकद पट्ट्यापर्यंत पोचतच नाही.

गाडी सर्वांत जास्त वापरायची काइसू. दुकान, टपाल, बर्फाखाली लावलेली मासळीची जाळी, सगळं तिच्याकडेच. काठच्या लव्हाळ्यांजवळ भुसभुशीत बर्फातून गेलं की तापमानाचा आकडा पासष्टावर येतो, पण चढ आला की गाडी तिथंही रडते आणि रबर जळल्याचा वास येतो, हे तिनं कधीच हेरलं होतं. दोन्ही दुखणी खरी आहेत आणि एक दुसऱ्याला वाढवतंय, असं ती एकदा जेवताना म्हणाली. दोघांनी तिच्याकडे सारख्याच कीव आलेल्या नजरेनं पाहिलं. त्या हिवाळ्यात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांच्या लेकीच्या, मिन्नाच्या, मुलीचा बाप्तिस्मा होता. तो तिच्याच घरी, तळ्यापलीकडे, वेळ बाराची. त्यांची मोटार जावयानं पाद्रीणबाईंना आणायला नेलेली, म्हणून ही तिघं बर्फगाडीनं निघाली. बाळाचं नाव मिन्नानं रीतीप्रमाणं बाप्तिस्म्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. ताउनो महिनाभर आडून आडून विचारत होता. रेयो तर धर्मपिता होणार होता, पण त्यालाही तिनं दाद दिली नव्हती.

ताउनो चालवायला, रेयो मागं त्याच्या खांद्यावरून आकडे वाचायला. काइसू मागं बांधलेल्या घसरगाडीत रेनडिअरच्या कातड्यावर, मांडीवर धुरावलेल्या माशाचा थरांचा मोठा सँडविच-केक. तिच्या पाठीशी तिची जुनी, एका पायानं रेटत न्यायची पायढकल घसरगाडी आवळलेली, बाळाला दुकानापर्यंत नेता यावं म्हणून मिन्नानं मागितलेली.

निघताना काइसूनं काठाकाठानं चला म्हणून सांगितलं. ताउनोला सरळच जायचं होतं, पाणी कसं तापतं ते मेहुण्याला दाखवायला. रेयोलाही सरळच जायचं होतं, कारण मोकळ्या बर्फावर गाडी पूर्ण दाबता आली असती आणि क्लचचं पितळ उघडं पडलं असतं. मग कोण ऐकतंय.

निम्मं तळं ओलांडलं आणि पाणी तापल्याचा लाल दिवा लागला. गाडी रांगायला लागली. ताउनोनं ती बंद केली, मागं वळला. लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा असा असतो.

"पेटला," तो म्हणाला.

रेयोनं लगेच बाजू सावरली. क्लच घसरतोय म्हणून इंजिनाला दुप्पट राबावं लागतंय, ते तापणारच, यात पाण्याची काय फुशारकी. ताउनो इतका खुशीत होता की त्यानं वाद घातला नाही. कॉफी ओतली आणि पहिला पेला मेहुण्याला दिला. गाडी निवेपर्यंत अर्धा तास गेला. काइसू केक सांभाळत घड्याळ बघत होती.

गाडी पुन्हा सुरू झाली आणि फार तर दोन किलोमीटर गेली. आधी वास आला, मग फाट्कन आवाज. इंजिन किंचाळत राहिलं आणि गाडी जागच्या जागी ढिम्म. रेयो उतरला, बॉनेट उघडलं, आतून रबराची लोंबती चिंधी दोन बोटांत धरून वर काढली.

"बघा दाजी, तुमचं कूलंट."

जादा बेल्ट घरी होता. तो बरोबर घेणं म्हणजे रेयोचं मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून ताउनोनं मुद्दाम फडताळात ठेवला होता. रेयोनं ते पाहिलं होतं आणि तोही बोलला नव्हता. तर आता बारा वाजायला दहा मिनिटं होती, पलीकडचा किनारा तीन किलोमीटरवर होता, आणि दोन धडधाकट पुरुष आपापलं खरं ठरल्याच्या आनंदात तळ्याच्या मधोमध भांडत उभे होते.

काइसू उठली. पायढकल सोडली, तिच्या बैठकीवर केक ठेवून रुमालानं बांधला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मला नातीचं नाव ऐकायचंय."

ज्या गुळगुळीत बर्फानं इंजिनाचा जीव घेतला होता, तोच पायढकलीच्या तळाच्या दोन लांब पोलादी धावांना लोण्यासारखा होता. एक पाय धावेवर, दुसऱ्यानं रेटा. चौसष्टाव्या वर्षी आपण इतक्या जोरात जाऊ शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं. मागून हाका ऐकू आल्या. तिनं वळून पाहिलं नाही.

पाद्रीणबाईंना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी साडेबारापर्यंत त्या दोघांची वाट पाहिली. धर्मपिता नसला तरी धर्ममाता हजर होती, तेवढ्यावर भागलं. नाव उच्चारलं गेलं तेव्हा काइसूला रुमाल काढावा लागला, पण त्याला माशाचा वास येत होता, म्हणून तिनं बाहीनंच डोळे पुसले.

मंडळी केकवर आली तेव्हा दोघं पायी पोचले. नाकं लाल, नव्या कोटांवर रबराची काजळी, आणि उंबऱ्यावरही तेच चाललेलं: आधी काय बिघडलं. मग ताउनोनं टोपी काढून विचारलं, नाव काय ठेवलं?

"कुणी सांगू नका," काइसू खोलीला म्हणाली. मग त्या दोघांना, "दुसऱ्याचंही खरं होतं असं जो म्हणेल, त्याला सांगेन."

ताउनो बुटांच्या मांडणीकडे बघत राहिला. रेयोनं कोटाचं एक बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. बाळ जांभई देऊन झोपलं तरी दोघं तसेच.

"बेल्टही गेला होता," अखेर ताउनो बुटांना म्हणाला.

रेयोनं बटण सोडलं. "पाणीही तापलं होतं."

"हेल्मी," काइसू म्हणाली.

हे तिच्या आणि रेयोच्या आईचं नाव. रेयो खिडकीकडे गेला आणि बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला. ताउनोनं त्याला केकचा मोठा तुकडा नेऊन दिला, हे त्याच्या दृष्टीनं फार झालं.

पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून गाडी उघडली. रेयोनं क्लचला नवे रोलर आणि बेल्ट घातला. ताउनोनं मागं दोन काटे बसवले, बर्फ खरवडून नळ्यांवर भुगा उडवणारे. गाडी पुन्हा नव्वदनं पळायला लागली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी कॉफी पिताना प्रश्न निघाला, की गाडी सुधारली ती नेमकी कशानं? रेयो म्हणाला, काटे काढून बघू. ताउनो म्हणाला, त्यापेक्षा जुने रोलर परत घालून बघू. दोघं हत्यारं आणायला उठले.

काइसू त्यांच्या आधी गाडी घेऊन बाहेर पडली होती. तळ्याच्या मध्यावर तिनं तापमानाचा आकडा पाहिला, बासष्ट. मिन्नाच्या घराचा धक्का आला. मिन्ना हेल्मीला घेऊन दारात उभी होती, हात हलवत. काइसूनंही हात हलवला, आणि न थांबता तळ्यावर आणखी एक पूर्ण चक्कर मारली.