खेळातलं कोकरू

मेंढरांच्या वासाचा समर्थला लहानपणापासून वीट. भूमच्या बाजारात वडिलांबरोबर, आबांबरोबर, कोकरं विकायला बसायचं म्हटलं की नेमकं त्याचं पोट दुखायचं. म्हणून तर त्यानं डोळ्यांवर चढवायचा तो खेळाचा गॉगल आणला, एक स्वतःला, एक बहिणीला, अक्षदाला. दोघं आत शिरली आणि बाहेर पडायचं बटणच नाहीसं झालं. वर खेळानं काम दिलं ते मेंढरं राखायचं. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. अक्षदाला तशातही हसू आलं होतं.

ते हसू लवकरच सरलं. बाहेर पडायची एकच वाट उरली होती, डोंगरापलीकडची वेस; ती एकदाच उघडणार होती आणि दिवस बुडताच कायमची मिटणार होती. ती चुकली की सुटका नाही.

कळप हाकत दोघं वेशीत पोचली तेव्हा थोडं ऊन शिल्लक होतं. अक्षदानं भावाचा हात धरला. तो मात्र मागं वळून मेंढरं न्याहाळत होता.

"आक्का, लंगडं कोकरू दिसंना."

"खोटं हाय ते. चल."

"ठावं हाय मला. पर माळावर एकटंच ऱ्हाईल की."

कळपातलं एक जरी मेंढरू मागं राहिलं तर आबा भाकरीला शिवत नसत, अंधारातही माघारी जात. हेच बघत दोघं वाढली होती. घरी या कामातून कायम अंग काढून घेणाऱ्या पोराला ते आठवलं कुठं, तर इथं.

"आलोच," म्हणत तो पळाला.

टेकाडाआडून त्याची हाळी येत राहिली, अगदी आबांसारखी. दिवस बुडाला. दार मिटू लागलं आणि अक्षदानं उडी घेतली ती बाहेर. भीतीनं घेतली. त्याबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

डोळे उघडले तेव्हा उशाशी आबा बसले होते. शेजारच्या बाजेवर समर्थ. गॉगल काढलेला, श्वास चालू, हाकेला ओ नाही.

तिनं सगळं सांगितलं. वेस कायमची मिटली, एवढं मात्र तिच्या तोंडून निघेना. शेजारणीनं आबांपुढं भाकरी आणून ठेवली होती. बाहेर वाघरीच्या जाळीत कोंडलेली मेंढरं ओरडत होती.

"कोकरू घावलं का त्याला?" आबांनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं.

"घावलं, आबा."

"मंग येतंय माघारी," आबा म्हणाले आणि भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली.