लहानपण सर्वसाधारण

माझी धाकटी बहीण कापडाच्या कारखान्यात रंग जुळवते. गिऱ्हाइकाने चिंधीएवढा तुकडा पाठवायचा आणि हिने नुसतं बघून सांगायचं, निळा इतका, करडा इतका, पिवळा नावापुरता. यंत्राचं चुकतं, हिचं बावीस वर्षांत चुकलेलं नाही. फक्त तिला मागची छोटी खोली लागते, दार बंद, आत दुसरं कुणी नको.

नव्या मॅनेजरने खोल्या बंद करून सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं ठरवलं. चाळीस माणसं आणि दिवसभर रेडिओ. एक दिवस बसवून बघितलं, तर ही अर्ध्या तासात संडासात जाऊन कान दाबून बसली. मॅनेजर म्हणाला, "डॉक्टरांचा कागद आणा, खोली तुमची. नाहीतर नियम सगळ्यांना सारखा."

कागद म्हणजे ऑटिझम असल्याचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी! मला हसूच आलं. पण खोली गेली की तिची नोकरी गेली, आणि नोकरीशिवाय तिला दुसरं काही नाही, एवढं मलाही कळत होतं.

निदानासाठी डॉक्टरांनी मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीला जाताना माणसाने काय करावं? हिने तयारी केली. इस्त्रीचे कपडे घातले, आठवडाभर उत्तरं पाठ केली. आत शिरताच डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "दमला असाल ना सकाळपासून?" हसायचं तिथे हसली. मैत्रिणी आहेत का, तर "आहेत की, दोन." त्या दोघींशी ती रंगांपलीकडे एक शब्द बोललेली नाही. बाहेर येऊन मला म्हणते कशी, "ताई, छान झाली. एकही चूक नाही." अगं वेडे, तिथे चुकायलाच तर गेली होतीस!

तिचा दोष नाही. तिला घडवलं मी. आई दिवसभर दुकानात, आणि ही माझ्या गळ्यात. ही हात झटकत घरभर फिरायची, म्हणून माझ्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. मग मी कंबर कसली. रोज शाळेतून आल्यावर तिला भिंतीशी उभी करायची आणि आपण पाहुणी व्हायचं. नजर खाली गेली की लाकडी पट्टी, हात हलले की पट्टी. मी तेरा वर्षांची, ती सात. दोन वर्षांत हात थांबले, आणि आल्यागेल्याची विचारपूस ती माझ्यापेक्षा गोड करू लागली. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, यात नवल ते काय.

त्या दिवशी तिच्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. "आई नाहीत, म्हणून लहानपणाचं तुम्हालाच विचारते. हात हलवायची का? एकटीच खेळायची?" त्यांच्यासमोर चौकटींचा कागद होता. हो म्हणायला जीभ उचलली होती. पण मग ते थांबलं कसं, हा पुढचा प्रश्न मला दिसत होता. मुलांवर हात उचलला म्हणून दोन शिक्षकांना मी स्वतः घरी बसवलंय.

"छे हो," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "जरा लाजाळू होती. बाकी चारचौघींसारखी." बाईंनी चौकटीत खूण केली आणि पान उलटलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. नजर योग्य, संभाषण सहज. मोठ्या बहिणीच्या सांगण्यानुसार लहानपण सर्वसाधारण. ऑटिझमचं निदान नाही. खाली बारीक अक्षरात होतं, नातेवाइकाने लेखी नवी माहिती दिल्यास फेरविचार करता येईल.

त्याच संध्याकाळी ती तीन पानं घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तू विसरली असशील, म्हणून मी लिहून आणलंय. तू फक्त सही कर. सोमवारी हॉल सुरू होतो."

मी वाचलं. वार, महिना, कोणत्या हातावर किती. ओल्या हातावर आवाज वेगळा यायचा, हेसुद्धा. तक्रारीचा एक शब्द नाही. शेवटी लिहिलं होतं, ताईने शिकवलं म्हणून मला लोकांत वावरता येतं. त्याखाली सहीसाठी माझं नाव, हुद्द्यासकट.

मी पानं तिच्या हातात परत दिली. "असलं काही झालंच नाही."

"पट्टी?"

"कसली पट्टी? मनाचे खेळ आहेत तुझ्या."

मी तिला कशाला फसवीन, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर बोलले.

"म्हणजे मला चुकीचं आठवतंय," ती म्हणाली. "बरं झालं तुला विचारलं. डॉक्टरांना खोटं लिहून दिलं असतं."

मग ती माझ्या टेबलाशी बसली, पेन उघडलं आणि पहिल्या ओळीपासून खोडायला लागली. मला लाज वाटत होती, खरंच वाटत होती. तिसरं पान संपेपर्यंत मी तिला थांबवलं नाही.