गप्प न बसणारा फोन

सकाळची भांडी आवरून सासूबाई शिलाई मशीनपाशी येऊन बसल्या. सून दप्तरांना चेन लावत होती. सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती मशीनला शिवली नव्हती. आता कुठे हात चालायला लागला होता.

सासूबाईंच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असे. घरात या विषयावर कुणी ब्र काढायचा नाही, अशी तंबीच त्यांनी दिली होती. "होईल गं पुढच्या वेळी," म्हणणाऱ्या नणंदेला अर्धा चहा टाकून उठावं लागलं होतं. सगळ्यांची तोंडं बंद झाली. राहिला सुनेचा फोन.

शिलाईची कामं त्याच्यावरच येत, म्हणून तो बंद ठेवता येईना. कापडाचा भाव बघावा तर पाळणा. चेनचा रंग बघावा तर झबली. दिवस गेले तेव्हा पोरीनं हौसेनं चार वस्तू शोधल्या, बाळंतपणाची तारीख भरली काय, या मेल्या जाहिरातवाल्यांनी घरच धरलं!

"आण इकडे, हाकलते त्याला," म्हणत सासूबाई रोज फोन ओढून घेत. कोपऱ्यातली फुली तिळाएवढी, यांचा अंगठा जाडजूड. फुली राहायची बाजूला, जाहिरातच उघडायची. दुसऱ्या दिवशी दुप्पट.

संध्याकाळी लेकानं फोन पाहून कपाळाला हात लावला. "आई, तू दाबतेस म्हणून येतात! त्यांना वाटतं, आपल्याला हवंय."

"हवंय? मग सांग की त्यांना, मूल गेलं म्हणून!"

"'दाखवू नका' म्हणून दाबलं गं. एक गेली की दुसरी येते."

"पत्ता दे. दारात जाऊन थोबाड रंगवते एकेकाचं."

"कुणाचं रंगवशील? तिथं माणूसच नाही."

जन्मभर भांडून आपलंच खरं करणाऱ्या सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात फोन उजळला. पालथं पडलेलं एक गुटगुटीत बाळ हसत होतं. "तुमचं बाळ तीन महिन्यांचं झालं," लेक वाचून गेला आणि त्यानं जीभ चावली.

सासूबाईंचा हात झेपावला. सुनेनं तो मध्येच धरला.

"राहू द्या, आई. बरोबर आहे. आज तीन महिन्यांचंच असतं." मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. त्याच्याबद्दल बोलतो तो एवढा फोनच."

सासूबाईंना ना फोन हिसकावता आला, ना तिच्याकडे बघता आलं. हसणाऱ्या बाळाच्या पायाशी दुपट्यांवरची पन्नास टक्के सूट चमकत होती.