वेठीची आंघोळ

वुल्फिंग सरकारांच्या बायकोला, आफ्राबाईंना, जाऊन महिना झाला, त्या दिवशी सरकारांनी गावाला आत्म्याची आंघोळ घालायचं ठरवलं. आमच्या खोऱ्यात पैसेवाल्याच्या घरी कोणी गेलं की ही रीत करतात. घरचे लोक दिवसभरासाठी न्हाणीघर घेतात, गरिबांना फुकट आंघोळ मिळते, आणि बाहेर पडताना प्रत्येकाने गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची असते. ती म्हटली की दारातच पाव आणि बिअरचा पेला. गरिबाने मनापासून म्हटलेल्या प्रार्थनेमुळे मेल्यावर पापं जाळणाऱ्या पलीकडच्या आगीत अडकलेला जीव लवकर सुटतो, असं पाद्री सांगतात.

न्हाणीघर गावाचं, पण चालवतो मी. पाणी तापवायचं, पाठी चोळायच्या, केस कापायचे, गळवं फोडायची, हे माझं काम. माझी बायको, ग्रेट, होती तेव्हा फळीपलीकडची बायकांची बाजू ती बघायची. ती आफ्राबाईंच्या आधी, त्याच हिवाळ्यात गेली. तेव्हापासून बायकांना पाणी द्यायला शेजारची उर्सुला येते.

सरकार म्हणजे सम्राटाचे आमच्याकडचे कारभारी. घराणं लहानसं. तरुणपणी हंगेरीच्या लढायांत सम्राटासाठी लढले, एक कान तिथेच ठेवून आले, आणि त्याबद्दल त्यांना इथला गड आणि कारभार मिळाला. लाच कधी घेतली नाही. सूटही कोणाला दिली नाही. तुर्कांच्या भीतीने गडाची भिंत वाढवायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी घरटी एक माणूस वेठीला लावला. गडावरची लहान घंटा वाजली की हातातलं काम टाकायचं आणि खोरं घेऊन दगडखाणीवर जायचं. हिवाळ्यात खाणीची दरड कोसळली आणि वाल्बुर्ग म्हातारीचा मुलगा खाली सापडला. त्याला पुरल्यावर पुन्हा घंटा वाजली, तेव्हा गडावरून निरोप आला की घर उभं आहे, तर घरातलं माणूस आलंच पाहिजे. तान्हं पोर म्हातारीच्या मांडीवर टाकून सून खाणीवर गेली.

आफ्राबाई खाणीवर बार्लीची पेज घेऊन यायच्या. सुनेने जो दगड उचलायचा, त्यावरच बसून राहायच्या. मुकादमाची काय छाती होती त्यांना ऊठ म्हणायची! बर्फात असं बसून बसूनच त्यांची छाती भरली आणि त्या गेल्या, असं गाव म्हणतं. सरकारांच्या कानावर ते गेलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी सकाळीच सरकार स्वतः आले. काळा अंगरखा, मागे पावांची मोठी टोपली घेतलेला नोकर आणि रुप्रेख्त मुकादम. पिंपात हात घालून त्यांनी पाणी बघितलं.

"पुरेल ना रे यॉर्ग?"

"गाव बुडेल, सरकार, एवढं आहे."

"बर्चच्या जुड्या ताज्या आहेत?"

"कालच तोडल्यात." ह्या कोवळ्या फांद्यांनी वाफेत अंग झोडून घेतात.

"तिला ताज्या आवडायच्या," ते म्हणाले. मग ओला हात अंगरख्याला पुसला.

मी शिंग घेऊन गावात फिरलो. पाणी तापलं की शिंग फुंकत हाक देत जायचं, ही आमची पद्धत. एरवी मी वळणावर पोचायच्या आत पोरं उघडीच धावत सुटतात. त्या दिवशी दारं बंद होती. चांभारकुंडाच्या कडेला पांक्रात्स कातडं खरवडत बसला होता. त्याच्याइतकी आंघोळीची गरज अख्ख्या गावात कोणाला नसेल.

"काय रे न्हाणीवाल्या, आज फुकट?"

"फुकट. वर पाव आणि बिअर."

"कोण देतंय?"

"माहीत आहे तुला."

"मग मी अजून आठवडाभर वास मारतो," तो म्हणाला आणि खरवडत राहिला.

"अरे, आफ्राबाईंसाठी आहे."

"आफ्राबाईंसाठी मी काय वाटेल ते करीन. पण घालतंय कोण?"

मी परत आलो. सरकार दारातच उभे होते. "येतायत?"

"येतील, सरकार. बायकांना वेळ लागतो."

मी खोटं बोललो, आणि ते त्यांना कळलं. आम्ही थांबलो. पाणी निवायला लागलं तसं मी पुन्हा दगड तापवून आत टाकले. पावांवर माशा बसू लागल्या. सरकारांनी टोपलीवर स्वतःचा रुमाल टाकला. जरा वेळाने त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तिच्यावर काही राग होता का लोकांचा?"

"त्यांच्यावर? नाही, सरकार."

"मग?"

मी पाणी ढवळलं. त्यांचा उरलेला कान लाल झाला होता. एवढा लढवय्या माणूस, पण माल पडून राहिलेल्या भाजीवालीसारखा उभा होता. मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात रुप्रेख्त मुकादम म्हणाला, "सरकार, घंटा वाजवू का? पळत येतील."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. सरकार रस्त्याकडे बघत होते. बाईसाहेब आगीत आहेत आणि इथे पाणी निवतंय, हेच त्यांच्या डोक्यात असणार. सम्राटाचं काम म्हटलं की घंटा वाजवायची, एवढं एकच त्यांना उभ्या आयुष्यात जमलं होतं.

"वाजव," ते म्हणाले.

घंटा वाजली आणि गाव आलं. खोरी, पहारी, दगड वाहायच्या पाट्या घेऊन आलं. वाल्बुर्ग म्हातारी पण आली, कारण सून तापाने पडली होती. मुकादमाने खाणीच्या वाटेवरून वळवलं तसे न्हाणीघराच्या अंगणात सगळे उभे राहिले आणि खाण नसलेल्या जागी कशाला बोलावलं, म्हणून एकमेकांकडे बघू लागले.

"खोरी भिंतीला लावा," रुप्रेख्त ओरडला. "कपडे काढा. बायका तिकडे, पुरुष इकडे. न्हायचंय."

"दगड कुठं आहेत, मुकादम?" पांक्रात्सने विचारलं. "पाण्यात?"

एक-दोघे हसले.

"गप. आत चल."

"चाललो की. नाही न्हालो तर फटके किती, ते तरी सांगा."

न्हाणीघरासारखी बडबडीची जागा गावात दुसरी नाही. तिथे लग्नं जुळतात, शिव्या दिल्या जातात, सासवांच्या नकला होतात. त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज. मी पाठी चोळत गेलो. वेठीने वाकलेल्या त्या पाठी मला नावानिशी ओळखू येत होत्या. फळीपलीकडून उर्सुलाच्या बादल्या वाजत होत्या. कोणी माझ्याशी बोललं नाही. शिंग मीच फुंकलं होतं ना.

एकेकजण बाहेर येऊ लागला. दारात सरकार स्वतः पाव हातात धरून उभे. नोकराला त्यांनी बाजूला केलं होतं. पहिला आला लोहार. त्याने पावाकडे बघितलं नाही. खोरं उचललं, टोपी घातली आणि थांबला.

"जाऊ का, सरकार?"

"प्रार्थना?"

"घंटेत ते नव्हतं, सरकार," लोहार म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी साध्या आवाजात.

सरकारांनी त्याला जाऊ दिलं. मागचे सगळे तसेच गेले. पांक्रात्स मात्र दारात थबकला. धुतल्यावर तो ओळखू येत नव्हता.

"सरकार, आजचा दिवस वेठीत धरणार ना?"

रुप्रेख्त पुढे सरसावला. "तुझ्या तर..."

"धर त्याचा," सरकार म्हणाले. "सगळ्यांचा धर."

शेवटी वाल्बुर्ग आली. केस ओले, डोक्यावर फडकं, हातात पाटी. सरकारांनी पाव पुढे केला.

"आजीबाई, तुम्ही तरी. नाव तरी घ्या तिचं."

"नाव रोज घेते की," म्हातारी म्हणाली. "सकाळी चूल पेटवली की पहिलं तिचं, मग माझ्या पोराचं. सूनही घेते. खाणीवर तर सगळेच घेतात. पण इथं नाही घ्यायचं, सरकार. इथं घेतलं तर ते तुमच्या वेठीत जाईल. त्या बाईला कशाला वेठीचं द्यायचं?"

ती गेली. पाव सरकारांच्या हातातच राहिला.

रुप्रेख्तला आणि नोकराला त्यांनी गडावर पाठवून दिलं. अंगणात आम्ही दोघेच उरलो. ते आत आले आणि ओल्या बाकावर बसले, अंगरखा भिजतोय याचं भान नव्हतं.

"ती म्हणाली ते खरं असेल? रोज घेतात?"

"खरं आहे, सरकार."

"मग माझ्या हातून तिला काहीच नको." त्यांनी तोंड पुसलं. "यॉर्ग, तू तरी पाण्यात उतर. तुला घंटेने बोलावलं नाही मी. तू तरी म्हण."

मी उतरलो असतो. सदरा काढायलाही लागलो होतो. पण तोंडातून खरं ते निघून गेलं. "सरकार, माझ्या तोंडी ग्रेटचं नाव येईल."

"ग्रेट कोण?"

"माझी बायको. ह्याच हिवाळ्यात गेली."

त्यांना माहीतच नव्हतं. "तिच्या नावाची आंघोळ घातलीस ना? घरचंच न्हाणीघर."

"लाकूड नव्हतं, सरकार. माझ्या वाटणीचं गडावर गेलं होतं. चुन्याच्या भट्टीला."

हे बोलून मला लगेच वाईट वाटलं. पडलेल्या माणसाला लाथ घातल्यासारखं ते झालं. सरकार उठले. काहीतरी बोलणार होते, बहुतेक लाकूड पाठवतो असं, पण बोलले नाहीत.

"तिचंच नाव घे," शेवटी ते म्हणाले. "पाणी गरम आहे तोवर."

मग त्यांनी पावांची भरलेली टोपली उचलली आणि स्वतःच गडाच्या वाटेला लागले. एकाही खिडकीतून कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी दार लावून पाण्यात उतरलो. ग्रेटचं नाव घेतलं. हिवाळाभर ते तोंडी आलं नव्हतं. मग बराच वेळ बसून राहिलो, आणि निघताना आफ्राबाईंचंही घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा घंटा वाजली. भिंत सम्राटाची, ती थांबणार नव्हती. पण वाल्बुर्गच्या घराला पुन्हा बोलावणं आलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि कोणी आभारही मानले नाहीत.

शनिवारी सरकार दाढी करायला येतात. त्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना दर वेळी वाटतं, सांगावं, की त्या दिवशी मी बाईसाहेबांचं नाव घेतलं. एका वाक्याचं काम आहे. पण सांगितलं की त्यांना त्याचा मोबदला द्यावासा वाटेल, आणि मग ते माझंही राहणार नाही आणि बाईसाहेबांचंही. म्हणून मी गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची लाज वाटते. ते डोळे मिटून घेतात. मी वस्तरा पुसतो.