पिंपळओढ्याचं छप्पर

हडपसरच्या पुढे पिंपळओढा नावाचं एक लहानसं स्टेशन आहे, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतलं. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि फलाटावर ओतीव लोखंडाच्या खांबांनी तोललेलं लांबलचक छप्पर. ते सगळं पाडून नवी इमारत उठवायचा घाट घातला गेला, तेव्हापासून नारायण पेठेतली उल्का खाजगीवाले त्याच्या मागे लागली होती. जुन्या वास्तू दुरुस्त करणं हाच तिचा व्यवसाय. अर्ज, विनवण्या, हेलपाटे असं सगळं करून तिने रेल्वेची एक समिती पाहणीला यायला भाग पाडलं होतं.

समितीसाठी फोटो काढायला ती नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी स्टेशनात आली. कॅमेरा लावताना एका खांबावर तिला उभी भेग दिसली. केसासारखी बारीक, पण हात लावला तर ओली. पाऊस थांबून तर कितीतरी दिवस झाले होते.

हे खांब आतून पोकळ. छपरावरचं पाणी पन्हळीतून खांबात उतरायचं आणि फलाटाखालच्या गटारात निघून जायचं, अशी मूळची रचना. पण अलीकडे फलाट उंच करताना काँक्रीट ओतलं, त्यात खांबांची खालची तोंडं बुजली असणार. तिने बोटाच्या पेराने खांब ठोकून पाहिला. हात पोचेल तिथे वर तो पोकळ वाजला. छातीशी मात्र भरल्या घागरीसारखा बद्द. शिवाय भेगेच्या कडेला गंज नव्हता. कड करडी, लख्ख होती. म्हणजे भेग ताजी.

संध्याकाळच्या गाडीची माणसं जमू लागली होती. उन्हं कलली तरी चटका होता, त्यामुळे सगळे छपराखालीच. त्याच खांबाला पाठ टेकून मथुराबाई बसल्या होत्या. स्टेशनाबाहेर भाजी विकून रिकाम्या पाट्यांसह घरी निघालेल्या.

उल्का स्टेशनमास्तरांच्या खोलीत धावली. उत्तरेश्वर नावाचे ते शांत गृहस्थ तिला चांगले ओळखत होते.

"मॅडम, ही वास्तू अजून शंभर वर्षं टिकेल, असं तुम्हीच सांगत होता ना?"

"इमारत टिकेल हो. पण तो खांब कधी दगा देईल, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, एवढ्यावर मी फलाट रिकामा करू? आणि एक विचार करा. हेच समितीच्या कानावर गेलं, तर पाडायला आयतं निमित्त मिळेल."

हे तिला कळत नव्हतं थोडंच? क्षणभर वाटलं, आजची गाडी जाऊ द्यावी, उद्या गुपचूप इंजिनिअरला गाठावं. मग खांबाला टेकलेली ती पाठ डोळ्यांपुढे आली.

"मिळू दे निमित्त," ती म्हणाली. "माझं नाव सांगा खुशाल. गाडी धडधडत येईल तेव्हा तिथे कुणी नको."

उत्तरेश्वर उठले. घोषणा झाली आणि लोकांची कुरकुर सुरू झाली. "छप्पर असताना उन्हात उभं राहायचं! काय सोय आहे, वा!"

"माजं गुडघं हायेत का हुबं ऱ्हायाचं?" मथुराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पडंल म्हून कुनी सांगितलं?"

"मी सांगितलं, आजी. उठा, पाट्या मी घेते."

गाडी आली. जमीन हादरली, कौलं खुळखुळली. उल्का त्या खांबाकडे बघत राहिली. छप्पर होतं तसंच उभं राहिलं.

"काय मॅडम, पडणार होतं ना?" डब्याच्या दारातून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. उल्काला वाटलं, नुसत्या संशयापायी आपणच आपल्या हाताने स्टेशन घालवलं का?

उत्तरेश्वर हसले नाहीत. "उद्या इंजिनिअर येतोय," ते म्हणाले. "तोवर खांबाभोवती दोर बांधून ठेवतो."

तिला झोप कसली लागणार. सकाळी छपराला टेकू लावून खांबाच्या बुडाशी ड्रिल चालवलं, तसं काळंकुट्ट पाणी उसळून बाहेर आलं. गंज, कुजलेला पाला आणि असह्य वास. पाणी ओसरतंय तोच काड्कन आवाज झाला. खांब गुडघ्यापासून खांद्यापर्यंत उकलला आणि छप्पर कण्हत टेकूंवर बसलं. सगळे मागे उडाले. उल्काने कॅमेरा काढून उकललेल्या खांबाचा फोटो घेतला.

समितीपुढे तिने काहीही झाकून ठेवलं नाही. वादावादी झाली. अखेर छप्पर उतरवायचं ठरलं. दगडी इमारत तूर्त राहील आणि खांब दुरुस्त करून पुन्हा उभे करू, असं आश्वासन मिळालं. कधी, ते कुणी बोललं नाही.

छप्पर उतरत होतं तेव्हा मथुराबाई पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या. "बाई, वाचलो खरं. पर सावली कवा देताय आमाला?"

"माहीत नाही, आजी. मी पाठ सोडणार नाही त्यांची."

"नगा सोडू."

स्टेशनाबाहेर, उतरवलेले खांब रचले होते तिथे, भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला होता. तो कुणी बोलावला, हे विचारायला उल्का झपाझप उत्तरेश्वरांच्या खोलीकडे निघाली.