डोक्यात काईच न्हाई

मी भुजंगच्या डोक्याची फिल्म बोलतेय. दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी तोंड लपवायला नको. दोष किशनरावाचा. भुजंगच्या बापाचा. शेत आहे, डोक्याला रुमाल आहे, गावात मान आहे. पोराचं वाटोळं त्यानंच केलं.

माझा जन्म हैदराबादचा. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात भुजंगला फळीवर निजवून यंत्राच्या कड्यात सरकवला, आणि त्याच्या मेंदूच्या चकत्या माझ्या अंगावर उमटल्या. टरबूज कापून ओळीनं मांडावं तशा.

भुजंग सेलूच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होता. हुशार होता. एका उन्हाळ्यात त्याची झोपच उडाली. पारावर भाषणं ठोकायचा, घरातली ज्वारी लोकांना वाटून टाकायचा, येलदरी धरणाचं पाणी दारात आणतो म्हणायचा. मग ते सगळं ओसरलं आणि महिनेच्या महिने गोधडीत तोंड. वडीलधाऱ्यांनी आधी भगत आणला, मग अंगारा लावला, मग कानाखाली वाजवली. सगळे उपाय थकले तेव्हा माझी पाळी आली.

हैदराबादचा डॉक्टर नुसतं औषध देत नव्हता, शोधही घेत होता. ह्या आजारात माणूस उसळतो आणि खचतो, ते कुणालाही दिसतं. पण मधल्या दिवसांत, मन ठिकाणावर असतानाही, त्याची आठवण का गळते, हे त्याला हुडकायचं होतं. त्यानं भुजंगला काही शब्द ऐकवले. विळा, पतंग, हंडा, मामा, असलेच. जरा वेळानं परत विचारले, तर भुजंगला एकटा मामा आठवला.

"मामा लय मारायचे," भुजंग म्हणाला. डॉक्टर हसला. किशनराव हसला नाही.

मग मला उजेडाच्या काचेवर लावून डॉक्टर म्हणाला, "फिलम साफ है, किशनराव. गाठ नहीं, डाग नहीं. मगर बीमारी गई ऐसा नक्को समझो. ऐसे बहुत बीमारां के फोटो, अच्छे लोगां के फोटो के बाजू में रखके नापना पड़ता, तब कुछ समझेगा. इसका भूलना सच्चा है, बहाना नहीं. गोली बंद नक्को करो. अगले साल लेके आओ, और एक फोटो निकालेंगे."

किशनराव निजामाच्या अमलातल्या शाळेत शिकलेला. उर्दू त्याला मराठीपेक्षा गोड लागते. तेव्हा कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. सगळं कळलं. घरी नेताना मात्र त्यानं 'साफ' एवढा एकच शब्द नेला.

"साफ निघालं!" त्यानं ओट्यावरनं सांगितलं. "डोक्यात काईच न्हाई त्याच्या!"

"ते आमाला आधीच ठावं व्हतं की, मालक," आश्रुबा सालगडी बोलला, आणि सगळा ओटा फसकन हसला. किशनरावही हसला. भुजंग तिथंच उभा होता.

त्याच दिवशी गोळ्या बंद.

"अवं, पर डाक्टर काय म्हनला व्हता?" भुजंगच्या आईनं, तानुबाईनं विचारलं.

"तू गप ऱ्हाय. फोटू खोटं बोलतो का?"

नाही बोलत! पण मला जेवढं विचारलं तेवढंच मी सांगते. गाठ आहे का विचारलंत, मी नाही म्हणाले. पोराला काय होतंय हे मला विचारायचंच नव्हतं. पोराला विचारायचं होतं.

पुढं सोनपेठचे अप्पाराव मास्तर त्यांच्या लीलासाठी स्थळ बघायला आले. किशनरावानं मला पाकिटातून काढून खिडकीशी धरली. "बघा पाव्हणं, कुठं डाग दिसतो का?" मास्तरांनी मला उलटी धरून बघितली आणि मान डोलावली, "स्वच्छ आहे." शिकलेला माणूस! मग त्यांनी सहज भुजंगला विचारलं, "यंदा कितव्या वर्षाला?"

भुजंग खाली मान घालून बोटं मोजायला लागला.

"लाजायलाय," किशनराव म्हणाला.

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. त्यांची पाठ फिरताच भुजंगला वहाणेनं मार बसला.

"आबा, मला खरंच आठवंना," तो सांगत होता. "सर शिकवतेत, मी यष्टीतून उतरेस्तोवर समदं पुसून जातंय. गोळी चालू करा. मला हैदराबादला न्या."

"साफ डोकं घेऊन दवाखान्यात? लोक शेण घालतील तोंडात. सोंगाड्या!"

त्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं. किशनराव ओट्यावर तावातावानं भांडायचा, नाव बदलून काय व्हतंय म्हणून. दुनियेच्या भांडणात ह्याची जीभ पुढं. घरातलं पोर काय सांगतंय ते ऐकायला मात्र कान नाहीत.

परीक्षेच्या तोंडावर भुजंगची झोप परत उडाली. पेपर सोडवायचा सोडून तो उभा राहिला आणि पहाऱ्यावरच्या सरांनाच शिकवायला लागला. त्याला दंडाला धरून बाहेर काढला.

उन्हाळा सरता सरता तो जरा ठिकाणावर आला, तेव्हा एकट्यानंच हैदराबादला जायचं म्हणून मला शोधायला लागला. मी माळवदावरच्या खोलीत सापडले, पोत्यांच्या थप्पीवर. ज्वारीच्या पोत्यांवर नाव मारायला साचा हवा होता, म्हणून किशनरावानं मला कातरली होती. मधल्या चकत्यांमधून आरपार 'किशनराव' अशी अक्षरं, कडांना वाळलेला काळा रंग.

"आबा, हे काय केलं?"

"साफ तर व्हती. पडून ऱ्हायली व्हती, कामाला आली."

नावानं काय होतं म्हणणाऱ्याला स्वतःचं नाव पोत्यापोत्यावर पाहिजे, आणि त्यासाठी पोराच्या डोक्याला भोकं पाडायला हात कचरत नाही. भुजंगनं मला उजेडाला धरली. अक्षरांतून पलीकडचं आभाळ दिसलं. त्यानं मला होती तिथं ठेवली आणि खाली जाऊन परत गोधडीत तोंड घालून पडला. हैदराबादला तो गेला नाही. तिथला डॉक्टर दुसऱ्या फोटोची वाट बघत राहिला असेल.

आता मी पोती रंगवते. तुमच्याही घरात एखादी 'साफ' फिल्म असेल, तर ती पाव्हण्यांना दाखवत हिंडू नका. ज्याची आहे त्याच्याजवळ बसा, तो काय सांगतो ते ऐका.

भुजंगचं बी.एस्सी. गेलं. त्या सबंध वर्षातलं त्याला काही आठवत नाही.